नवव्या दिवशी चूल

८ फेब्रु. ८१
दत्तूचं यंत्र आज चाललं. कंपनीत भट्टीचा ताप मोजायच्या तारा तुटल्या की भंगारात जातात. साहेबाला विचारून त्या आणतो. दोन जातीच्या तारांची टोकं पिळून जोड. असे शंभर-सव्वाशे. एक बाजू चुलीच्या तोंडाशी, दुसरी ओल्या फडक्याखाली. एक तापली, एक गार राहिली की वीज. बॅटरीचा बल्ब लागला, काजव्याएवढा.
म्हटलं, वर्षभर राबून काजवा केलास होय रे?
म्हणतो, "आये, लाकडं तं तू जालतेसच. वीज फुकटात."
मुंबईच्या कॉलेजातले सर २२ ला बघायला येणार. पसंत पडलं तर पुढचं सामान देणार. दत्तूने पत्र तीनदा वाचून दाखवलं. मी बहिरी नाही.

१५ फेब्रु.
काल दत्तू गेला. कामावरून सायकलने येत होता. बेलापूरच्या रस्त्यावर टेम्पोने उडवला.
चूल विझवली. आमच्या भावकीत दहाव्यापर्यंत पेटत नाही.

१७
जेवण भावकीतून येतं. धाकट्या जावेची आमटी म्हणजे कढत पाणी. मेल्याच्या नावानेही तिच्या हातून डाळ सुटत नाही.
सून सुनंदा कोपऱ्यात. बोलत नाही, रडत नाही. मी तरी कुठं. हातपाय चालतात. बाकी...

१८
२२ म्हणजे नववा. सरांना पत्र लिहायला घेतलं. 'दत्तू गेला' एवढं झालं, पुढं पेन चालेना. फाडलं. कळवलं तर तो कशाला येतोय? मेलेल्याचं यंत्र बघायला कोण खाडीपूल ओलांडतो.

२१
दीर नामदेव येऊन बसला. सांगितलं, उद्या चूल पेटवणार.
"वैनी, एक दीस थांब. भावकी तुज्या घरचं पानी नाय प्यानार."
"नका पिऊ. विहीर कुणी उचलून नेली नाय."
"दत्तूच्या जिवाला काय वाटंल?"
"तूच विचार त्याला."
उठून गेला. चहा विचारायचा तर चूल कुठं.

२२
सर आले. पोरसवदा, चष्मा. दारातून हाक, "दत्तात्रेय आहेत का?" सांगितलं. चपला हातात धरून तसेच उभे.
"आजी, मी पुन्हा येईन. आज नको."
"चूल पेटलीय. आता बघूनच जा."
बल्ब लागला. त्यांनी मीटर लावून आकडे उतरवले. जरा वेळाने बल्ब मंदावला. मी आणखी लाकूड सारलं. आणखीच मंद. तेवढ्यात सु. उठली. फडका काढला, मडक्यातल्या पाण्यात बुडवला, पिळला, परत घातला. बल्ब वर आला. आठ दिवसांत तिने पहिल्यांदा काही हातात घेतलं.
सर म्हणाले, "कोणती तार कुठं, हे त्यांनी लिहून ठेवलंय?"
दत्तू कुठला लिहितोय.
सु. म्हणाली, "जोड मीच पिलले. मला म्हाईत हाय."
एका घरात राहून मला पत्ता नाही.
सर तिलाच विचारत बसले. ती सांगत होती, चुलीकडे बघत. जाताना म्हणाले, कळवतो.

२३
दहावा. खाडीवर विधी झाले. भावकी आमच्या अंगणावरून सरळ गेली. हात धुवायला पण थांबली नाही. केलेला भात कोंबड्यांना.

१५ मार्च
पत्र नाही. पोस्टमन आला की सु. दाराशी. मी म्हणते, बघून येत नसतं ते.
भंगारातली तार अकरा जोडांपुरती राहिली होती. रोज एक पिळते. आज सातवा. पुढं काय, मी विचारत नाही.
रडू अजून आलं नाही.
सकाळी ती विहिरीवर गेली होती. भाताला आधण आलं आणि बल्ब मंदावला. फडका मीच गार केला.