दुखऱ्या पायाचा ठसा

३ जून

चि. शिंगरूस,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पुस्तक पोचलं. वरच्या चित्रातला घोडा देखणा आहे, त्याच्यावरची बाईही बरी आहे. खालच्या मजल्यावरच्या शिवणवालीने तोंडात टाचण्या धरून रोज दोन-दोन पानं वाचून दाखवली. हे पत्रही तीच लिहितेय. मी सांगेन तेवढंच लिहायचं, मध्ये स्वतःचं शहाणपण घालायचं नाही, असं ठरलंय.

क्लबातल्या मेजवान्या, शर्यती, बायकांच्या टोप्या, सगळं कळलं. बाराव्या वर्षी क्लबच्या प्रशिक्षकाने तुला पहिल्यांदा घोड्यावर बसवलं, हेही कळलं. तुझ्या आजोबांकडे नाल ठोकून घ्यायला आलेल्या घोड्यांवर पाच वर्षांची एक पोर बसायची आणि मी तिची कंबर धरून अंगणात फेऱ्या मारायचे, ती दुसरी कुणी असेल. प्रत्येक पान उलटताना वाटायचं, आता मी येईन. मग पुस्तकच संपलं.

यंदा तरी येतेस ना? चार वर्षं झाली. तुझ्या खाटेवरची चादर मी उगाचच बदलत असते.

कळावे, नाही कळलं तर येऊन विचारावे.
तुझी आजी

२१ जून

ती. आजीस,
शि. सा. न.

पत्र वाचून खूप हसले. अगं, पानं जास्त झाली होती, म्हणून प्रकाशकांनी माझं लहानपण कापलं. यंदा येणं काही जमणार नाही. स्पर्धा, समारंभ, त्यात नवी घोडी घेतलीय. मान वर करायला फुरसत नाही. मी अगदी मजेत आहे, काळजी करू नकोस. शिवणवाल्या मावशींना नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो रागावून कमी करू नये.
तुझी नात

२९ जून

चि. शिंगरूस,
आशीर्वाद. आज थोडे रागाचेही आहेत.

शिवणवालीने पत्र वाचलं आणि म्हणाली, मजेत आहे हो तुमची नात. मी कागद हातात घेतला. मला अक्षर वाचता येत नाही, पण बघता येतं. तू पूर्णविरामाचं टिंब असं दाबतेस की कागदाच्या मागून बोटाला लागतं. या वेळी काहीच लागलं नाही. शब्दांच्या डोक्यावरच्या रेघा दमल्या जनावरासारख्या मान खाली घालून चालल्यात, आणि ओळभर शाई फासलीय, लिहिणारा हात मागून तिच्यावरूनच फिरल्यासारखी.

लंगडणारं जनावर आलं की तुझे आजोबा आधी मातीकडे बघायचे. दुखऱ्या पायाचा ठसा उथळ उमटतो. ते मालकाचं सांगणं नंतर ऐकायचे.

हे तू डाव्या हाताने लिहिलंयस. उजव्या हाताला काय झालंय?

शिवणवाली म्हणते, असं एकदम विचारू नये. तिला म्हटलं, तू लिही.
आजी

८ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न.

पडले. नव्या घोडीने अडथळ्यापाशी ऐनवेळी पाय रोवले, ती अलीकडे राहिली आणि मी पलीकडे गेले. मनगट आणि खांद्याचं हाड मोडलं. दीड महिना झाला. पहिल्या आठवड्यात इतकी फुलं आली की ठेवायला भांडी पुरेनात. फुलांबरोबर बसायला मात्र कुणी आलं नाही. कामाच्या बाई दुपारी जातात, मग दुसऱ्या दिवशी त्या येईपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. काल घोडीच्या रिकाम्या खोगिराशी बोलले.

आणि प्रकाशकांनी काही कापलं नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. क्लबात नालबंद मागच्या दाराने येतो, आजी. त्याची नात पुढच्या दाराने येते हे कुणाला कळू नये, असं वाटायचं. तू पानोपानी वाट बघितलीस, हे मात्र मनातून जात नाही.

उजवा हात पुन्हा लगाम धरेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

येऊ का?
तुझी शिंगरू

१५ जुलै

चि. शिंगरूस,
आशीर्वाद.

सहीच्या वरचे दोन शब्द शिवणवालीने तीनदा वाचून दाखवले. दोनदा मी सांगितलं म्हणून, तिसऱ्यांदा आपणहून. टाचण्या बाजूला काढून.

पुस्तकाचा राग आला होता, तो आता शोधते तर सापडत नाही. म्हातारपणी वस्तू हरवतात तसं काहीतरी. हाताचं म्हणशील, तर तू पहिल्यापासून डाव्याच हाताने लगाम धरायचीस. उजव्यात माझे केस असायचे. आज डोक्यावर केस कमी आहेत, त्यातले निम्मे तू नेलेस. हे हवं तर पुढच्या पुस्तकात घाल. मी सांगेन, तू डाव्या हाताने लिही. मला घाई नाही.

आपल्या जिन्याचा कठडा चढताना उजव्या हाताला येतो, तो तुझ्या काही कामाचा नाही. म्हणून काल सुताराला बोलावून डाव्या बाजूला दुसरा ठोकून घेतला. आता शेजारीपाजारी विचारतात, एकट्या बाईला दोन कठडे कशाला. तू आली नाहीस, तर त्यांना काय सांगू?

लोभ वाढवू नकोस. आहे तेवढा घेऊन ये.
आजी