नात्यातले पाय

६ मार्च
पोचलो एकदाचा. एका पिशवीत मावेल एवढा संसार घेऊन दारात उभा राहिलो, तर ताईनं आधी पिशवी घेतली आणि मग कान धरला. कुठं उंडारत होतास, म्हणाली. मी सांगायला लागलो, ट्रकवर क्लीनर, मग हॉटेलात भांडी, मग बोटीवर (बोटीचं नंतर लिहीन, झकास किस्सा आहे), तर म्हणाली पुरे, आता इथं टेक. मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण ताईनं मला वाढवलंय. तिनं हाक मारली की संपलं.

काम सोपं दिसतंय. ताईच्या सासूबाईंना मी मावशी म्हणतो. त्यांच्या दिवाणखान्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांबडा लोकरी गालिचा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आजवर त्याची निगा ताई राखायची, आता मी. भावोजींनी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय. मला जन्मात कुणी खोली रंगवून दिली नव्हती.

८ मार्च
ताईनं सगळं शिकवलं. गालिच्याला मांजरासारखी लव असते. लवेच्या दिशेनं ब्रश फिरवला की उजळतो, उलटा फिरवला की रुसल्यासारखा काळवंडतो. डाग पडला तर घासायचं नाही, कडेकडून मध्याकडे फडक्यानं टिपत जायचं. वास यायला लागला तर खायचा सोडा भुरभुरायचा आणि थोड्या वेळानं व्हॅक्यूमनं ओढून घ्यायचा. गरम पाणी अजिबात नाही, लोकर आटते. हे मला ठाऊक आहे. हॉटेलमालकाचा स्वेटर मी उकळत्या पाण्यात धुतला होता, नंतर तो त्याच्या कुत्र्यालाही होईना. म्हणून तर ती नोकरी गेली.

हे सगळं झालं की अनवाणी चालायचं. खिडकीपासून दारापर्यंत, सावकाश, म्हणजे लव बसते. मावशी म्हणाल्या, याला परक्याचे पाय चालत नाहीत, नात्यातलेच लागतात. मी म्हटलं, गालिचा आहे की व्याही? मावशी खूप हसल्या. ताई नाही हसली.

१५ मार्च
टाचांच्या भेगा बुजल्या! कितीतरी मलमं फासली होती, पण ढिम्म. इथं नुसतं लोकरीवर चालून पाय लोण्यासारखे झाले. मावशी म्हणाल्या, आता नवरदेवाचे पाय शोभतात, बघू का कुणी?

गालिच्याच्या मधोमध विरलेला पट्टा होता, तोही भरून आलाय. नवी लोकर कुठून येते, ताईला विचारलं. ती म्हणाली, निगा चांगली राखलीस.

ताई आणि भावोजी वेगळं बिऱ्हाड करतायत. किती वर्षं अडून बसलं होतं म्हणे. ताईचा चेहरा असा उजळला होता की सगळं सामान टेम्पोत मी एकट्यानं चढवलं.

२२ मार्च
तळव्यांवर रेषाच उरल्या नाहीत. करंगळीचं नख गळालं, दुखलं नाही. टाचणी टोचून पाहिली. काही नाही. आणखी खोल. काही नाही.

दुपारी मी दारात उभा होतो. मावशींनी गालिच्यावरून खुर्ची ओढली आणि मी किंचाळलो. टाच सोलून निघाल्यासारखी कळ. पायाला खरचटलंही नव्हतं. मावशींनी खुर्ची उचलून ठेवली. त्यांना नवल वाटलं नाही.

२४ मार्च
निघालो. फाटकापर्यंत कसाबसा. पाय कुठं पडतायत तेच कळेना, रस्त्यात सपशेल आडवा. मावशींनी बखोटीला धरून आणलं, गालिच्यावर उभं केलं. तिथं मात्र नीट चालता येतं. पायांखाली गार, मऊ. बरं वाटलं. हेच फार वाईट.

ताईला निरोप धाडलाय. ती नेईल मला.

२६ मार्च
ताई आली. अनवाणी.

लग्न झाल्यापासून मी तिला मोज्यांशिवाय पाहिलं नव्हतं. हिला थंडी फार, म्हणून चिडवायचो. आज तिनं टाच वर करून मला दाखवली. बारीकशी भेग पडली होती. येताना खडा टोचला, म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत आनंदाचं पाणी.

तुला माहीत होतं का, एवढंच विचारलं. हो म्हणाली. इतकी वर्षं तीच चालत होती. तिच्या रक्ताचं दुसरं माणूस उभं राहिलं तरच तिचे पाय तिला परत मिळणार होते. आणि तिच्या रक्ताचं मी सोडून होतं कोण?

"तू तरी त्या पायांचं काय करत होतास रे? नुसता भटकत होतास. मला संसार करायचाय."

हिचंच बोट धरून मी चालायला शिकलो.

२८ मार्च
गालिचा गुंडाळतायत. पोटऱ्या पिळवटून निघाल्या – मी खोलीत, पलंगावर – लिहिलं नाही तर ओरडेन –

वर्षातून एकदा अंगणात टाकून झोडपावा लागतो म्हणे. मावशी म्हणाल्या, पहिल्या वेळी आरडाओरडा होतोच, मग माणूस कुठं जायचं म्हणत नाही. ताईसुद्धा म्हणाली नाही परत.

खिडकीतून दिसतंय. दोरीवर टाकला – पाय उलटे टांगल्यासारखे – भावोजी काठी घेऊन आले –

ताई मध्ये आली. काठी धरली त्यांची. हिसकावून घेतली!

देव पावला. माझीच ताई ती. लहानपणी मला कुणी बोट लावलं तर ही –

बाह्या सारतेय.

इकडे बघितलं. मान हलवली, लहान मुलाला औषध पाजताना हलवतात तशी –

ताई नको – ताई –