ठमीचा कॉलम

२ एप्रिल
नव्या नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. कोल्ड स्टोरेजचं ऑफिस म्हणजे खिडकीशी एक टेबल, कॉम्प्युटर आणि माझ्या आधीच्या बाईंची खुर्चीवर राहिलेली शाल. सफरचंद-बटाट्यांच्या पाच खोल्या. प्रत्येकीचं तापमान यंत्र आपोआप शीटमध्ये भरतं, एका खोलीला एक कॉलम. साहेबांनी परवाच नवी शीट केली, पण कॉलमना नावं घालायची राहिली. ते बारसं माझ्याकडे आलं. इथे खोल्यांना नंबर नाहीत, नाती आहेत: थोरली, धाकटी, आत्या, मावशी, काकू. आत्या तापली की मेकॅनिककाका पान्हा घेऊन धावतात म्हणे. सध्या ते रजेवर आहेत, तेव्हा आत्याने जरा दमानं घ्यावं.

३ एप्रिल
पाच नावं घातली. सहावा कॉलम उरला. त्याला खोलीही नाही आणि आकडाही नाही. रिकामा डोळ्यांत खुपत होता, म्हणून गमतीनं लेकीचं नाव टाकलं, ठमी. वय तीन, जीभ सासूबाईंच्या तोडीची. नाव टाकताच खाली आकडा उमटला, ३६.८. साहेब म्हणाले, वायर चुकीची जोडली असेल, काका आले की बघतील.

५ एप्रिल
सहाव्या कॉलमात ३६.२. घरी ठमीचे पाय गार लागले. सासूबाई म्हणाल्या, अनवाणी नाचते फरशीवर, दुसरं काय होणार. मोजे घातले. थर्मामीटर लावला. ३६.२. योगायोग असेल, पण मला तो अजिबात आवडला नाही.

६ एप्रिल
३५.१. डॉक्टरांना काही सापडत नाही. बाहेर ऊन रणरणतंय आणि ठमी दोन पांघरुणांत कुडकुडतेय. बडबड बंद झालीय.
ऑफिसात जाऊन नाव पुसलं. आकडा उतरतच राहिला. अख्खा कॉलम काढून टाकला. काकूच्या शेजारी पुन्हा उगवला, नावासकट. मला भीती वाटतेय.

७ एप्रिल
काका आले. शीट बघून हातातला पान्हा खाली ठेवला. जुन्या शीटमध्येही असाच सहावा कॉलम होता, आधीच्या बाईंनीही तिथे घरचंच नाव घातलं होतं, नातवाचं. दुसरं नाव लिहिल्याशिवाय पहिलं सुटत नाही, असं काका म्हणाले. बाईंनी शेवटी स्वतःचं लिहिलं. नातू वाचला. बाई याच खुर्चीत, भर दुपारी, शाल पांघरून — लोक म्हणाले, हृदय बंद पडलं.

८ एप्रिल
३२.४. ठमी दवाखान्यात. डोळे उघडत नाही.
साहेबांचं नाव टाइप केलं. एंटर दाबणार, तेवढ्यात त्यांनीच दारातून विचारलं, ठमी कशी आहे. त्यांना घरी दोन पोरं —
पुसलं.

दुपारी
लिहिलं. ठमीची आई.
३६.९. लगेच ३४.

यांचा फोन आला. ठमीनं डोळे उघडले. बिस्किट मागतेय, आजीशी भांडतेय. मी हसले. मग रडले.

शाल घेतलीय. ऊन थेट अंगावर आहे, तरी —

२९.
काका, माझ्यानंतर त्या कॉलमला कुणालाही नाव घालू देऊ —

बोटं वळत नाहीत

ठमे, मोजे घालत जा गं, फरशी फार गा