टाळी वाजवली की चिमटा

आदरणीय साडूराव यांस,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर समजावा. कंबर धरली आहे, आठांपैकी दोन-तीनच अंगे सध्या वाकतात. दुखण्याचे कारण राजकीय आहे, पुढे येईलच.) आपली आणि ताईंची प्रकृती उत्तम असेलच, रीत म्हणून विचारतो. तुमची प्रकृती, तुमचा टेम्पो, तुमचे गोदाम, यांतले काही कधी बिघडल्याचे ऐकिवात नाही. मागे तुम्हाला सर्दी झाल्याचे कळले तेव्हा इकडे जरा बरे वाटले होते, पण हिने लगेच फोन करून ती ओसरल्याची बातमी आणली.

आपला निरोप पोचला. तुम्ही तो ताईंना सांगितलात, ताईंनी हिला, आणि हिने मला जेवताना, तेही माझ्या तोंडात मोठा घास असताना, म्हणजे लगेच उत्तर देता येऊ नये. आपली खुर्च्या भाड्याने देण्याची दोन्ही दुकाने एक करावीत, पाटी तुमची राहावी, माझ्या लोखंडी खुर्च्या भंगारात घालाव्यात आणि मी तुमचे गोदाम सांभाळावे, असा निरोप. साडूराव, घास गिळून झाला आहे, आता सांगतो. नाही. माझे दुकान बुडते आहे, हे मला मान्य आहे. या वर्षअखेर शटर कायमचे ओढावे लागेल, हेही मान्य आहे. पण ते खुर्च्यांमुळे नव्हे, राजकारणामुळे. आणि राजकारणाने बुडवलेल्या माणसाने मुकाट्याने साडूच्या गोदामात जाऊन बसणे म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे. (मानसुद्धा धरलीच आहे.)

माझी खुर्ची तुम्ही पाहिली आहे. घडीची, लोखंडी, बैठकीला पट्ट्या, आराखडा माझ्या स्वतःच्या डोक्यातला. पाठ टेकून बसले की दोन पट्ट्यांमध्ये किंचित फट पडते आणि पुढे झुकले की ती मिटते. मिटताना मध्ये काही असेल तर ते सापडते. (बहुतेक वेळा विजार, क्वचित विजारीच्या आतला मालक.) शांतपणे टेकून ऐकणाऱ्याला काडीचा त्रास नाही. पण माणूस भारावला, टाळी वाजवायला पुढे झुकला, की तो उठतो. आता एवढ्याशा गोष्टीला कोणी दोष म्हणत असेल तर म्हणो बापडा.

तर परंपरावाल्यांची सभा होती आणि खुर्च्या माझ्या होत्या. पुढारी एक जोरदार वाक्य बोलले, सगळ्या सभागृहाने टाळी वाजवली आणि सगळे सभागृह ताडकन उभे राहिले. पुढाऱ्यांना वाटले, लोक भावनेने उठले. त्यांचे डोळे पाणावले. बसा, बसा, म्हणाले. लोक बसले, पुढचे वाक्य, पुन्हा टाळी, पुन्हा सगळे उभे, काहींच्या तर डोळ्यांतही पाणी. दुसऱ्या दिवशी गावभर झाले की असा प्रतिसाद आजवर कुणाला मिळाला नव्हता. परिवर्तनवाल्यांनी ते ऐकले आणि तुमच्या ठरलेल्या निळ्या खुर्च्या रद्द करून माझ्या सांगितल्या. (त्या दिवशी मी आरशासमोर उभा राहून तुमच्या नावाने हसलो. खोटे कशाला बोलू?) पण गावात संध्याकाळी दुसरे काही करण्यासारखे नसल्याने दोन्ही सभांना माणसे तीच. ती एकदा उठली ती पुन्हा बसलीच नाहीत. आधी भिंतीला टेकली, मग दाराला, मग दाराबाहेर. पुढाऱ्यांचे उरलेले भाषण माझ्या लोखंडाने ऐकले. झाले! सभा उधळायला पाठवलेला परंपरावाला, असा माझ्यावर शिक्का बसला.

तेवढ्यात परंपरावाल्यांची पुढची सभा आली. श्रोते आता शहाणे झाले होते. पाठ टेकून, हाताची घडी घालून, श्वाससुद्धा बेताने घेत बसले. पुढाऱ्यांनी राखून ठेवलेले वाक्य टाकले आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. मग त्यांनीही मला परिवर्तनवाला ठरवले. राहता राहिले मधले. ते म्हणाले, हा दोघांचाही माणूस, आपण लांबच बरे. एकाच माणसावर तीन शिक्के, आणि खुर्च्या कोणालाच नकोत! साडूराव, लोक हल्ली विचारच करत नाहीत. एक शब्द उचलायचा आणि दिसेल त्याच्या कपाळाला चिकटवायचा. मला याचा तिटकारा आहे. (शाळेचे हेडमास्तर खुर्च्या परत करताना 'टोचतात हो' म्हणाले, तेव्हा मी एका नजरेत ओळखले की ते परंपरावाले. त्यांची बायको 'फार टोचतात' म्हणाली, म्हणजे ती जहाल.)

आणि तुम्ही! तुम्हाला कोणी विचारले की तुम्ही कोणत्या बाजूचे, तर तुम्ही म्हणता, आधी बसा तर खरं, आणि निळी खुर्ची पुढे सरकवता. माणूस बसतो आणि काय विचारले होते ते विसरतो. याला मी मुत्सद्दीपणा म्हणणार नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. उघडच सांगतो, मी जळतो. तुमच्या टेम्पोचा हॉर्न वाजला की मला ठसका लागतो. निळी चादर मी अंथरू देत नाही. आपल्या सामाईक सासूबाई तुमच्या खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी काढतात आणि जाग आली की ताईंकडे बघून म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. आमच्याकडे येतात त्या उभ्या उभ्या येतात. बसा म्हटले की त्यांना एकदम काहीतरी काम आठवते. तुमची एक निळी खुर्ची मुलीच्या वाढदिवसापासून आमच्याकडे राहिली आहे. ती कोपऱ्यात पडून असते, ही तिच्यावर धुतलेले कपडे ठेवते. आमच्या घरात तिला एवढीच किंमत आहे, हे कळावे म्हणून लिहिले.

आता शेवटचा घाव. व्यापारी संघाने चर्चा ठेवली: राजकारणामुळे धंदा बुडतो, होय की नाही? उत्तरे दोनच. एक किराणावाले 'थोडा थोडा' म्हणाले तर त्यांना खाली बसवले. (माझ्या खुर्चीत. मी त्या फुकट दिल्या होत्या.) 'होय'च्या बाजूने मी बोललो. रात्र रात्र जागून पाठ केले होते, एक शब्द अडखळला नाही. पण सभागृह पाठ टेकून गप्प. एक टाळी नाही. मग 'नाही'च्या बाजूने शिंपी उठला. म्हणाला, माझा धंदा तर राजकारणानेच तारला, सभेच्या दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागते आणि सगळ्यांच्या विजारी एकाच जागी फाटलेल्या असतात, देव सगळ्या पक्षांना उदंड सभा देवो! लोक इतके हसले की भान विसरून पुढे झुकले, टाळ्या कडाडल्या आणि अख्खा व्यापारी संघ बोंब मारत उभा राहिला. शिंप्याने हात जोडले आणि उद्या दुकान लवकर उघडतो म्हणून सांगितले. बाकीच्यांचे मला काही नाही. पण पहिल्या रांगेत ही बसली होती. हिलाही मी टाळी वाजवताना पाहिले. माझ्या भाषणाला हाताची घडी, आणि शिंप्याला टाळी. त्या दिवसापासून आम्ही कामापुरतेच बोलतो.

शिंपी नक्की कोणत्या बाजूचा, याचा मी शोध घेतो आहे. तोवर माझे उत्तर तेच. मोडेन पण गोदामात वाकणार नाही. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, टेम्पोला काही नाही.

आपला स्वाभिमानी,
धाकटा साडू

ता.क. येत्या रविवारी माझ्या धंद्यावर झालेल्या राजकीय अन्यायाविरुद्ध मी जाहीर सभा घेत आहे. सभेसाठी तुमच्या निळ्या खुर्च्या टेम्पो भरून पाठवाव्यात. माझ्या चालणार नाहीत. विषय गंभीर आहे, लोक शेवटपर्यंत बसायला हवेत.

ता.क. चा ता.क. पाटीवर तुमच्या नावाखाली माझेही नाव, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, येणार असेल तर वरचे 'नाही' जरा हळू आवाजात वाचावे.

भाऊजी, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली चार ओळी लिहिते. तुमची निळी खुर्ची कोपऱ्यात नसते, टेबलाशी असते. हे सगळं पत्र त्यांनी तिच्यातच बसून लिहिलंय, नाहीतर इतकं लांब झालंच नसतं. कपडे मी लोखंडीवर ठेवते. दुकानात त्या लोखंडीवर बसूनच कंबर गेली, पण ते मी बोलायचं नाही. त्या दिवशी भाषण फार छान झालं यांचं. मला टाळी वाजवायची होती हो, पण अंगावर एकच चांगला कपडा, फाटला असता म्हणून हात दाबून बसले. पुढे सगळेच उठले तेव्हा म्हटलं, आता फाटायचं ते फाटू दे, आणि यांच्या वाटची टाळी वाजवून घेतली. सांगायला गेले तर म्हणाले, तुलाही कुणीतरी फितवलंय. पाटीवर नावाचं तेवढं बघा. आणि रविवारी खुर्च्या नक्की पाठवा. मला पहिल्या रांगेत बसून पोटभर टाळ्या वाजवायच्या आहेत.