सही विचाराधीन

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

धाकटी अजून रांगते आहे आणि घरात तिसऱ्याची चाहूल! तुझी भावजय म्हणते, आता नको, शाळेतली नोकरी नुकतीच पुन्हा धरली आहे. दवाखान्याचा फॉर्म आणून दिला. त्यावर खाली ‘पतीची सही’. मी तो कचेरीतल्या खणात, प्रलंबित अर्जांत ठेवला. माझ्या सहीवाचून इथे कागद हलत नाही, हे तुला ठाऊकच आहे. ती रोज विचारते, मी सांगतो, विचार चालू आहे. दोन आठवडे झाले. आणखी थोडं ताणलं की मुदत टळेल आणि भांडणाशिवाय काम होईल. तूही तिला चार शब्द सांग.

लोभ आहेच, तो माझ्या बाजूने वापरावा.

तुझा भाऊ

९ मार्च

चि. भाऊस, अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

वीस वर्षं मी बायकांच्या वॉर्डात परिचारिका, आणि माझाच भाऊ असा निघावा! अरे शहाण्या, सज्ञान बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही तो मागतच नाही. ती ओळ तुझ्यासारख्याच कुणा कारकुनाने हौसेने छापली असणार. आमच्याकडे मी ती रोज पेनने खोडते. तुझ्या खणात तिचे दिवस मात्र वाया चालले आहेत. तिलाही वेगळं लिहिते आहे. गुडघा कसा आहे ते कळव.

तुझ्यावरचा लोभ तूर्त प्रलंबित.

ताई

१६ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आत तिने तारीख घेतली होती. गुरुवारी तिच्याबरोबर मी फॉर्म घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी गेलो आणि सही कुठे करू विचारलं. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं की गरज नाही, बाकावर बसा. अठरा वर्षं मी लोकांना बाकावर बसवतो आहे. तो इतका टोचतो, हे कुणी बोललं नव्हतं. सगळं नीट पार पडलं. पण ताई, कायद्यात नवऱ्याला काडीचीही जागा नसावी? गुडघा बरा आहे.

अपराध पोटात घालून लोभ वाढवावा.

तुझा भाऊ

२१ मार्च

ती. सौ. वन्संना, सा. न. वि. वि.

माझी तब्येत ठीक, पोरं मजेत. घरात अजून बाकाचाच विषय चालू आहे.

तुमच्या पत्राने धीर आला. पण सही लागत नाही, हे मला दवाखान्यात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरी फॉर्म घरी आणला. वाटलं, कागद हातात पडला की शेजारी बसतील, का नको म्हणतेस ते विचारतील. भांडले असते तरी चाललं असतं.

कायद्यात नवऱ्याला जागा नाही म्हणून हे रुसले आहेत. मी ठेवली होती, तीन आठवडे.

तुमची माया अशीच राहू द्या.

आपली भावजय