एका लाथेसाठी आठवडाभराचं संगीत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर माझीच दुखते, गरोदर मात्र तुझी भावजय आहे.) तुझा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढउतार करू नकोस, गाणं शिकायला येणाऱ्या मुलींनाच वर बोलावत जा. आम्ही अडीच माणसं मजेत आहोत. पत्र निव्वळ खुशालीचं आहे, मागणं काही नाही.

पोटातल्या बाळाला ऐकवण्यासाठी तू पाठवलेला पेनड्राइव्ह आणि वारांप्रमाणे आखलेलं वेळापत्रक मिळालं. आठव्या महिन्यात बाळ संगीताला प्रतिसाद देतं, असं तू खाली लिहिलं होतंस. खरं सांगायचं तर संगीताशी माझं काही देणंघेणं नाही, मला तो प्रतिसाद हवा होता. कारण ताई, बाळाची लाथ सगळ्यांना मिळाली आहे, फक्त मला नाही. सासूबाईंना मिळाली, डॉक्टरीणबाईंना मिळाली. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू कपडे द्यायला आल्या आणि दारात उभ्या उभ्या दोन घेऊन गेल्या. मी हात ठेवला की आत सामसूम. चौदा वर्षं वाचनालयात लोकांना गप्प बसवतोय, ते कसब आता घरातही लागू पडायला लागलंय. (तिथल्या सवयीने माझा स्वतःचा आवाजही घरात कुजबुजीच्या वर जात नाही, हे तुला ठाऊक आहेच.) "झोपलं असेल रे," असं बायको म्हणते. ती माझी समजूत घालते आहे हे मला कळतं आणि फार वाईट वाटतं. उद्या हे मूल बाहेर येऊन सगळ्यांना ओळखेल आणि माझ्याकडे बघून हे गृहस्थ कोण असा चेहरा करेल, याची मी धास्ती घेतली आहे.

तेव्हा मी कंबर कसली. आवाज मोठा नको, असं तू लाल शाईने बजावलं होतंस, पण मोठा म्हणजे किती ते लिहिलं नव्हतंस. म्हणून म्हटलं, आधी स्वतःच्या पोटावर लावून बघावं. (आकारात आम्हा नवराबायकोत फारसा फरक नाही. माझं पोट सहाव्या महिन्यातलं दिसतं, आणि गेली सहा वर्षं ते सहाव्यातच आहे.) सोफ्यावर आडवा झालो, बनियन वर केलं, हेडफोन पोटावर ठेवून मफलरने घट्ट बांधले आणि काही जाणवतंय का म्हणून डोळे मिटून वाट बघत राहिलो. नेमका त्याच वेळी बेसिनचा नळ दुरुस्त करायला प्लंबर आला. मी पडल्या पडल्या त्याला सगळं समजावून सांगायला गेलो, पण तेही कुजबुजत, त्यामुळे प्रकरण आणखीच संशयास्पद वाटलं असणार. त्याने मुकाट्याने वॉशर बदलला आणि जाताना म्हणाला, "जपा साहेब, जड काही उचलू नका."

शेवटी आवाज दोनवर ठेवायचा ठरला. सोमवारच्या बासरीने बायको झोपली, मंगळवारच्या व्हायोलिनने मी झोपलो. बुधवार-गुरुवार पियानो झाला, पोटातून हूं की चूं नाही. शुक्रवारी मी आंघोळीला गेलो असताना बायकोला पर्समध्ये तिची शाळेतली शिट्टी सापडली. (ती खेळाची शिक्षिका, रजेवर असली तरी हात शिवशिवतातच.) वाजते की नाही म्हणून तिने फुंकून बघितली, तर आत अशी कवायत सुरू झाली की पोटावर ठेवलेली बिस्किटांची बशीसुद्धा घसरली. मी टॉवेल गुंडाळून साबणासकट धावत आलो, हात ठेवला, आणि कवायत बरखास्त. साबण अंगावर वाळेपर्यंत तसाच बसून होतो. तेव्हा तुझं वेळापत्रक मी शनिवारपासून बंद केलं आहे, रागावू नकोस.

तुझा (वेळापत्रक सोडून बाकी सगळं ऐकणारा)
भाऊ

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "माझ्याबद्दल काय लिहिलंयस ते वाच." तिचा मिक्सर चालू होता, त्यामुळे मला नाइलाजाने खणखणीत आवाजात वाचावं लागलं. प्लंबरपर्यंत आलो तर ती मिक्सर बंद करून, ओट्याला धरून हसत होती. म्हणाली, "थांबू नकोस, वाचत वाचत इकडे ये." एका हातात पत्र आणि दुसरा हात तिच्या पोटावर. 'जड काही उचलू नका' या वाक्याला लाथ बसली, चांगली सणसणीत. साबणाला दुसरी. मी रडलो, हे कुणाला सांगू नकोस.

ता. क. दुसरा. तेच पत्र आज परत वाचलं. बायकोला हसू आलं नाही, बाळही हललं नाही. नवीन माल हवा. माझ्या लहानपणच्या सगळ्या फजित्या फक्त तुलाच माहीत आहेत. त्या सविस्तर लिहून पाठव, आईबाबांपासून ज्या लपवल्यास त्याही गाळू नकोस. मी मोठ्याने वाचेन. आपला बाप कोण आहे हे त्याला जन्माआधीच कळलेलं बरं.