नळीतला खारट थेंब

विस्कॉन्सिन, ३ मार्च १९७५
लागले बाई एकदाची कामाला! डेअरी बंद पडल्यावर वाटलं होतं, पन्नाशीत मला कोण विचारतंय? पण डॉ. क्विगलींनी पहिल्याच भेटीत प्रयोगशाळेत घेतलं. काम पांढऱ्या उंदरांचं. उजेडातल्या फळीवरून उंदीर काळ्या खणात उतरला की पायाला विजेचा चटका. एकदा चटका बसलेला पुन्हा उतरत नाही. मग मेंदूतल्याच एका द्रव्याची सुई द्यायची, की सगळं विसरून स्वारी खुशाल खणात. माझी लेक सोल्वे फोनवर म्हणाली, आई, तू त्यांचे लाड करणार बघ. तिला मे महिन्यात बाळ होणार. मी आजी!

७ मार्च
कामावरची जोडीदारीण हॅटी सारखी टोकते, वर्ना, सुईचं औषध नळीत ओढायला रबरी फुगा घे, तोंड लावू नकोस. अगं, दुधातलं लोणी मोजायला एकोणीस वर्षं रोज दोनशे नळ्या तोंडानेच ओढल्या मी! फुग्याने नुसता वेळ जातो. आज जिभेला जरा खारट लागलं, चूळ भरली. संध्याकाळी सगळ्यांबरोबर, इथल्या रिवाजाप्रमाणे, शुक्रवारची तळलेली मासळी खाल्ली.

१९ मार्च
घरची वाट चुकले. दोनदा. हॅटी म्हणाली, म्हातारी झालीस. मला नाही हसू आलं.

२७ मार्च
डॉक्टरांना विचारलं, उंदरांना पुन्हा कधी आठवतं का? म्हणाले, नाही. खण आठवत नाही, आत उतरल्यावर अंग मात्र थरथरतं. मग मी नळीचं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक. उतारा विचारला. उद्यापासून येऊ नका म्हणाले.

२ एप्रिल
भीती वाटते. कशाची ते — सोल्वे माझी लेक. उजव्या भुवईवर व्रण. रोज लिहायचं. सोल्वे माझी लेक.

एप्रिल, रविवार
फोनवर कोणी बाई रडत होती. आई, आई. चुकीचा नंबर — नीट समजावलं तिला. बिचारी.

ऊन आहे
एक मुलगी आली. भुवईवर व्रण. बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. नाव वर्ना ठेवलंय म्हणे. छान नाव. अंग थरथरतंय माझं, का कोण जाणे.
वहीत पानोपानी एकच ओळ. कोणाची लेक?
मुलीलाच नाव विचारलं. रडत रडत सांगितलं तिने. लिहून ठेवते, नाहीतर — तिचं नाव